धाव

ती गाडी मी पहिल्यांदा पाहिली जानेवारी २०२३ मध्ये, केजच्या एका गॅरेजच्या अंगणात. काळी स्कॉर्पिओ, पाच वर्षं वापरलेली, आणि खाली वीस इंची मॅगव्हील, म्हणजे मिश्रधातूची चकचकीत चाकं. आधीच्या मालकाने हौसेने बसवलेली. उन्हात त्यांचे आरे लखलखत होते आणि भोवतीचा टायर काजळाची रेघ ओढावी इतका बारीक. माझं मन त्या चाकांवर बसलं. सोबत पुतण्या होता. तो चाकापाशी उकिडवा बसून त्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. "काका, हीच घ्या," एवढंच म्हणाला.

मी गुरांचा डॉक्टर. केज तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर बावीस वर्षं हिंडतो आहे आणि तोवरचा सगळा काळ मोटरसायकलवरच गेला होता. चारचाकी घ्यायची हे ठरलं २०२२ च्या लम्पीच्या साथीत. जनावरांच्या अंगावर गाठी, पायांना सूज, ताप. आणि लसीचा बर्फाचा डबा मोटरसायकलच्या मागे बांधून मी दिवसाला सात-आठ वस्त्या करायचो. त्याच भाद्रपदात एका रात्री फोन आला. संकरित गाय, व्यायला दुसराच दिवस, बसली ती उठेना, मान पोटाकडे वळवलेली. मिल्क फिव्हर. या आजारात वेळेला पोचलं तर कॅल्शियमची बाटली शिरेतून हळूहळू देता देता गाय डोळ्यांदेखत सावध होते आणि तासाभरात उभी राहते. उशीर झाला तर हृदय थांबतं. पांदणीच्या चिखलात माझी मोटरसायकल दोनदा आडवी झाली. तिसऱ्यांदा ती तिथंच सोडून बॅग डोक्यावर घेऊन चालत गेलो. गोठ्यात कंदील होता, घरातली सगळी माणसं उभी होती आणि गाय थंड पडलेली होती. त्या घरच्या बाईने मला चहा करून दिला. तो चहा अजून घशाखाली गेलेला नाही.

म्हणून गाडी घेतली. घेताना मात्र पांदण विसरलो आणि चाकांचा चकचकाट पाहिला.

पुढचे चार महिने बरे गेले. गाडी कुठल्याही गावात शिरली की पारावरची मंडळी मान वळवून चाकांकडे बघायची. पुतण्या सुट्टीच्या दिवशी ती चाकं शाम्पूने धुवायचा. त्याच्या या हौसेला मी कधी हसलो नाही. कोरडवाहू शेती असलेल्या घरातला पोरगा, वय सव्वीस, लग्न जमत नाही, सोयाबीनचा भाव हातात नाही. चार माणसांनी आपल्याकडे मान वळवून बघावं असं त्याला वाटलं तर त्यात चूक काय? आमच्याकडे पोळ्याला शिंगं रंगवतात, अंगावर झूल घालतात, गळ्यात घुंगरमाळा बांधतात. वर्षभर राबणारा बैल त्या दिवशी देखणा दिसलाच पाहिजे. पण पोळ्याची झूल घालून कुणी औत धरत नाही. मी मात्र तेच करत होतो आणि माझ्या ते लक्षात आलेलं नव्हतं.

गाडी आपल्या परीने सांगत होती. ऐंशीच्या पुढे गेलं की स्टेअरिंगला बारीक थरथर यायची. टायरवाल्याने दोनदा बॅलन्सिंग करून शिशाचे तुकडे लावून दिले, तरी ती पुरती गेली नाही. पुढे कळलं की त्या मॅगव्हीलचं मधलं भोक आमच्या हबपेक्षा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या गाडीच्या भागापेक्षा, मोठं होतं. चाक हबवर नेमकं मधोमध बसण्याऐवजी नुसत्या नटांच्या भरवशावर उभं होतं. मधली फट भरायला एक साधी रिंग मिळते, ती आधीच्या मालकाला कुणी घातलीच नव्हती. शिवाय प्रत्येक खड्ड्यात एक कोरडा, कडक आवाज यायचा, हाडावर हाड आपटावं तसा. एका महिन्यात दोन डिस्कच्या, म्हणजे टायर ज्यावर बसतो त्या धातूच्या चाकांच्या, कडा वाकल्या. लोखंडी डिस्क वाकली तर ठोकून सरळ होते. मॅगव्हील वाकलं तर ठोकताना तडकायची भीती. लातूरला नेऊन त्या सरळ करून आणल्या. तिसऱ्या वेळी डाव्या पुढच्या टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा दिसला.

हा फुगा का येतो, ते त्या दिवशी नीट समजून घेतलं. टायर म्हणजे नुसतं रबर नव्हे. त्याच्या बाजूच्या भिंतीत धाग्यांचे थर असतात आणि हवेचा दाब ते धागे पेलतात. चाक खड्ड्याच्या कडेवर आपटलं की ती भिंत डिस्कची धार आणि रस्त्याची धार यांच्यात चिमटली जाते. आतले धागे तुटतात, वरचं रबर शाबूत राहतं, आणि तुटलेल्या जागी हवा रबराला बाहेर ढकलते. बाहेरून बघणाऱ्याला फुगा दिसतो. खरं तर तिथं टायर आतून फाटलेला असतो. अशा टायरवर गाडी चालवू नये. मला ते कळलं होतं, आणि तरी 'या आठवड्यात बीडचं काम उरकतो, मग बदलतो' असं म्हणून मी तो तसाच चालवला. ही माझी चूक. मे महिना, डांबराला हात लावता येत नव्हता. बीडहून परतताना मांजरसुंब्याचा घाट चढून नेकनूरच्या बाजूला लागलो आणि तो फुटला. वेग कमी होता, समोर वाहन नव्हतं, म्हणून हे लिहायला मी आहे.

स्टेपनी काढली. स्टेपनी या शब्दाची एक गोष्ट मला फार आवडते. वेल्स देशातल्या लानेली गावात स्टेपनी नावाचा रस्ता आहे. तिथल्या एका दुकानातून १९०४ च्या सुमाराला मोटारीच्या जादा चाकाचा धंदा सुरू झाला आणि त्या रस्त्याचं नाव चाकाला चिकटलं. पुढे तिकडची माणसं तो शब्द विसरली. आपल्याकडे तो केजच्या पंक्चरवाल्यापासून परळीच्या ट्रक ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी जिवंत आहे. तर माझी स्टेपनी कंपनीने दिलेली मूळची, सतरा इंची, लोखंडी डिस्कची. आधीच्या मालकाने एक शहाणपण केलं होतं: मूळचे नट कापडात बांधून सीटखाली ठेवले होते. मॅगव्हीलचे नट लोखंडी डिस्कवर नीट बसतीलच असं नसतं, त्यांची बैठक वेगळी असू शकते. ते नट लावून, पाना पायाने दाबून दाबून आवळले आणि निघालो. एका वस्तीवर म्हैस बघायची होती, तिकडे वळलो. अडीच किलोमीटर खडीचा रस्ता.

तिथं मला पहिल्यांदा ऐकू आलं. तीन चाकं ठकठक वाजत होती आणि एक गप्प होतं. पुढचं डावं, जुनं, काळ्या लोखंडाचं चाक दगडावरून जात होतं आणि दगड कळत नव्हता. मी हळूहळू चालवत, मुद्दाम दगड निवडून एकदा उजवं आणि एकदा डावं चाक त्यांवर घातलं. डाव्या बाजूने गाडी नुसती श्वास घेतल्यासारखी वर-खाली व्हायची. म्हैस बघून झाल्यावर त्या माणसाकडून सुतळी मागून घेतली आणि दोन्ही चाकांचा घेर मोजला. दोन्हींचा जवळपास सारखाच भरला.

घरी येऊन टायरच्या अंगावरचे आकडे वाचले. सगळं तिथं लिहिलेलं असतं, आपण वाचत नाही. मूळचा टायर २३५/६५ आर १७. म्हणजे टायरची रुंदी २३५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, टायर रेडियल, आणि डिस्क १७ इंच. भिंत झाली १५३ मिलिमीटर. खाली एक, वर एक, मध्ये डिस्क. सगळं मिळून चाकाची उंची ७३७ मिलिमीटर. हौसेचा टायर २५५/४५ आर २०. त्याची भिंत ११५ मिलिमीटर आणि पूर्ण चाकाची उंची पुन्हा ७३७! म्हणजे चाक मोठं झालंच नव्हतं. डिस्क तीन इंचांनी वाढली आणि तेवढंच रबर कमी झालं. गाडी जमिनीपासून केसभरही वर उचलली गेली नव्हती. रस्ता आणि लोखंड यांच्यामध्ये हवेची जी उशी असते, तिच्यातून जवळजवळ चार सेंटिमीटर कापून मी त्या जागी चकचकीत धातू बसवून घेतला होता आणि त्याला 'मोठं चाक' म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी पुतण्याने आणि मी दोन्ही चाकं सरकी पेंडीच्या काट्यावर तोलली. वीस इंची चाक साडेतीन किलोने जड. साडेतीन किलो म्हणजे काय, असं वाटेल. पण हे वजन स्प्रिंगच्या वर बसलेलं नाही, खाली लटकलेलं आहे. खड्ड्यातून वर उसळताना ते शॉकअब्जॉर्बरला आवरावं लागतं. शिवाय ते फिरणारं वजन, त्यातही बाहेरच्या कडेला असलेलं. फिरवायला इंजिनला जास्त जोर लागतो, थांबवायला ब्रेकला.

त्या रात्री मला आबांची गाडी आठवली.

आबा म्हणजे माझे आजोबा. घरी देवणी बैलांची जोडी आणि बाभळीच्या चाकांची गाडी होती. चाक माझ्या तेव्हाच्या डोक्याएवढं उंच. मधला तुंबा, तुंब्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर पुठ्ठे, आणि पुठ्ठ्यांभोवती लोखंडाची धाव. धाव बसवणं म्हणजे गावातल्या पोरांची जत्रा असायची. सुतार दोरीने चाकाचा घेर घ्यायचा आणि लोहार धाव त्याहून बोटभर कमी ठेवून जोडायचा. कमी का, हे मी आबांना विचारलं होतं. "बघ," एवढंच म्हणाले. मग गोवऱ्यांचं गोल रिंगण रचून त्यात धाव ठेवायचे आणि पेटवायचे. लोखंड तापून लाल झालं की फुगतं, घेर वाढतो. तिघे-चौघे सांडश्यांनी ती उचलून चाकावर बसवायचे. लाकूड पेट घ्यायचं, धुराचा लोट उठायचा, आणि लगेच घागरीमागून घागर पाणी. चर्र आवाज, वाफ, आणि त्या वाफेतून सांध्यांची करकर. लोखंड आवळत चाललं की प्रत्येक आरा आपल्या जागी घट्ट ओढला जायचा. न खिळा, न नट. बोटभर कमी होती म्हणून ती धाव वर्षानुवर्षं सुटायची नाही. उन्हाळ्यात लाकूड सुकून ती ढिली पडली तर चाकं डोहात बुडवून ठेवायची. लाकूड पाणी प्यालं की पुन्हा घट्ट.

आबांनी एकदा नवीन चाकं करताना सुताराला सांगितलं होतं, वीतभर उंच कर, ओढ्यातून जायला बरं. सुताराने ऐकलं नाही. म्हणाला, आख उंच गेला तर गाडी पुढं कलते आणि सगळं वजन बैलांच्या मानेवर येतं. चाक ओढ्याच्या मापाचं करू की बैलांच्या मापाचं, तेवढं सांगा. आबा हा प्रसंग पुढे कितीदा तरी सांगायचे, आणि सांगताना त्यांच्या आवाजात त्या सुताराबद्दल आदर असायचा. आमच्या भारी जमिनीतून चालायला ते चाक अरुंद आणि उंच का होतं, हे मला पुढे शिकल्यावर उमगलं. चाक जितकं उंच, तितकं ते खड्ड्यावरून आणि ढेकळावरून सहज लोळतं. लहान चाक त्याच खड्ड्यात पडतं. तिथं उंची हवीच होती. पण किती, ते बैल ठरवत होता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, मृगाआधी, अंबाजोगाईच्या टायरवाल्या चाचांकडे गेलो. चाळीस वर्षं टायरमध्ये हात घातलेला माणूस. नखांच्या कडा कायमच्या काळ्या. त्यांनी वीस इंची चाक हाताने थोपटलं आणि म्हणाले, "डॉक्टरसाब, रबर कम, झटका ज्यादा. हे शहरातल्या सिमेंट रोडवर शोभतं."

पुतण्या कळवळून म्हणाला, "काका, वीस इंची कशाला काढायलात? आख्ख्या तालुक्यात अशी गाडी नाही." मग त्याने दुसरा मार्ग सुचवला. सतरा इंची डिस्क ठेवायची तर ठेवा, पण टायर तरी मोठा घाला, २६५/६५. जाड, दाणेदार, जंगलात जातो तसा. यात मात्र माझाही जीव अडकला. मला पांदणीतून जायचंच होतं. आकडे मांडले: ७७६ मिलिमीटर. म्हणजे मूळच्यापेक्षा ३९ मिलिमीटर उंच, पाच टक्क्यांहून थोडं जास्त. चाचा म्हणाले, त्यातलं निम्मंच कामाचं. चाकाचा निम्मा भाग आखाच्या वर असतो, निम्मा खाली, त्यामुळे गाडी उचलली जाणार दोन सेंटिमीटर. हे इतकं साधं गणित, पण मोठे टायर घालणाऱ्या बहुतेकांनी केलेलं नसतं. मीही केलेलं नव्हतं.

चाचांनी नुसतं सांगितलं नाही. दोन टायर पुढच्या दोन चाकांवर चढवले, दुकानातल्या चार पोरांना गाडीत बसवलं आणि मला म्हणाले, स्टेअरिंग पूर्ण डावीकडे तोडा, आता त्या उंचवट्यावरून हळू घ्या. खर्रर्र. उजवीकडे तोडलं, पुन्हा खर्रर्र. मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकला टायर घासत होता. पुतण्या म्हणाला, प्लॅस्टिक थोडं कापू. नाहीतर डिस्क थोडी बाहेर काढू, त्यासाठी स्पेसर मिळतात.

यावर चाचा जे बोलले ते मी अजून विसरलेलो नाही. त्यांनी मला खाली वाकवून हब दाखवला. डिस्कची हबला टेकणारी बाजू तिच्या मध्यरेषेपासून किती आत-बाहेर आहे, त्या मापाला ऑफसेट म्हणतात. कंपनीने ते असं ठरवलेलं असतं की गाडीचं वजन बेअरिंगच्या मधोमध पडावं. चाक दोन बोटं बाहेर काढलं की तेच वजन लांब दांड्यावर लटकतं. बेअरिंग, बॉल जॉइंट, टाय रॉड सगळ्यांवर ताण येतो आणि खड्ड्याचा झटका स्टेअरिंगमधून मनगटात येतो. "बाहर से चौडी दिखती है गाडी," चाचा म्हणाले, "आत बेअरिंग रडतं." मला आबांचा सुतार दिसला. वजन बैलाच्या मानेवर येतं.

बाकीचे तोटेही त्यांनी भराभर सांगितले. टायर मोठा झाला की चाकाच्या एका फेरीत गाडी जास्त पुढे जाते, पण मीटर फेऱ्याच मोजतं. काटा शंभर दाखवेल तेव्हा गाडी एकशे पाचला असेल. गिअर जड झाल्यासारखे वाटतील, चढाला तिसऱ्याऐवजी दुसरा घालावा लागेल. ब्रेक तेच, पण त्यांना आवरायचं चाक मोठं. टायरवाल्यांमध्ये साधारण असं मानतात की मूळच्या उंचीच्या तीन टक्क्यांपलीकडे जाऊ नये.

कायद्याचंही आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात असा बदल करता येत नाही की ज्याने नोंदणीतला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम सक्तीने वाचलं. चाकांच्या बाबतीत याची रेघ कुठं ओढायची यावर माणसं वाद घालतात. मी वाद घातला नाही. विमा कंपनीला आधी लेखी विचारलं, होकार आल्यावरच टायर घेतले. अपघातानंतर हा वाद घालायची वेळ कुणावर येऊ नये.

शेवटी घेतले ते २४५/६५ आर १७, ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारे. डिस्क पाचही मूळच्या मापाच्या, लोखंडी, काळ्या. चाकाची उंची ७५० मिलिमीटर, मूळच्यापेक्षा पावणेदोन टक्क्यांनी जास्त. गाडी किती उचलली गेली? साडेसहा मिलिमीटर. पुतण्याचा चेहरा उतरला होता, आणि मी त्याला तिथंच हिशेब करून दाखवला. उंची बघू नको, भिंत बघ. आधी ११५ मिलिमीटर होती, आता १५९. चार सेंटिमीटरहून जास्त रबर परत आलं. तो काही बोलला नाही. पण जुन्या टायरवरचा एक आकडा दाखवून त्याने चाचांना विचारलं, हे १०४ काय आहे? ते वजन, चाचा म्हणाले. १०४ म्हणजे हा एक टायर ९०० किलो पेलतो. नवीन टायर घेताना तो आकडा कधीही मूळच्यापेक्षा खाली येऊ द्यायचा नाही, रुंदी कितीही असो. आणि हे चार आकडे बघ, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. टायर कधी जन्मला ते. पुतण्या एकेक टायर फिरवून सगळ्यांचे आठवडे वाचत बसला. त्याला त्यात गोडी लागली होती, हे मला दिसत होतं.

निघताना चाचांनी टॉर्क पान्याने नट आवळले आणि बजावलं, पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर एकदा परत आवळा. आम्ही आवळले. दोन नट खरंच चिमूटभर फिरले. वीस इंची चाकं विकून टाकली. ज्याने नेली त्याला वाकलेल्या डिस्क आणि मधल्या रिंगची गरज, दोन्ही सांगूनच दिली.

ऑल टेरेनच का, चिखलाचे खास टायर का नाही, हे मला पुष्कळांनी विचारलं आहे. माझा निम्मा प्रवास डांबरावर असतो. चिखलाच्या टायरचे दाणे मोठे, खाचा रुंद. ते महामार्गावर घोंघावतात आणि ओल्या डांबरावर उशिरा थांबतात. विभागाच्या बैठकीला जालना-संभाजीनगरकडे जाताना समृद्धीवर शंभराच्या पुढे गाडी जाते, तिथं मला तो टायर नको. काळ्या मातीपुढे तर कुठलाच टायर शहाणा नाही. आमची माती उन्हाळ्यात अशी भेगाळते की भेगेत हात जातो. पाऊस पडला की तीच माती पाणी पिऊन फुगते आणि साबण होते. ती चाकाला धरते. दोन फेऱ्यांत टायरच्या सगळ्या खाचा भरून जातात, आणि मग दाणेदार टायर काय आणि गोटा झालेला टायर काय, दोन्ही सारखेच. रुंद खाचांचा टायर ती माती थोडीफार झटकतो, एवढाच फरक. एकदा ती दोन बोटं जाड बसली की इंजिनचा कितीही जोर लावा, चाक जागेवर फिरतं आणि गाडी आडवी होते. अशा वेळी जोर लावायचा नसतो. उतरायचं असतं.

दोन वर्षं हे टायर चालले. त्यांनी मला कधी दगा दिला नाही. वाड्यांच्या रस्त्यांवरचे दगड, ओढ्यातले गोटे, कापलेल्या डांबराच्या कडा, सगळं त्यांच्या भिंतीने पोटात घेतलं. एकही फुगा नाही, एकही डिस्क वाकली नाही.

मग सप्टेंबर २०२५ आला. त्या महिन्यात मराठवाड्यात जे झालं ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. मांजरा पात्र सोडून शेतात आली. सोयाबीन कुजलं, माती खरवडून गेली, दावणीला बांधलेली जनावरं दाव्यासकट बुडाली. मी दहा-बारा दिवस गाडीतच राहिलो म्हटलं तरी चालेल. मागच्या सीटवर औषधं, पुढे एक सतरंजी. पुतण्या सोबत होता. एका रात्री दीडच्या सुमाराला फोन आला. "डॉक्टरसाहेब, गाय बसली. उठंना. परवा व्यालीय."

मला तीन वर्षांपूर्वीचा कंदील आठवला. गाव वेगळं होतं, पांदण तशीच. डांबर संपलं तिथून दीड किलोमीटर. पहिला अर्धा किलोमीटर गाडी गेली. मुरमाचा भाग होता, पाणी वाहत होतं, पण खाली टणक होतं, टायर धरून चालले. पुढे काळी लागली. पन्नास फुटांवर मागचं घसरायला लागलं. पुतण्या म्हणाला, "काका, थोडा जोर द्या, निघंल." मी गाडी बंद केली. टॉर्च लावून बघितलं तर चारही टायर मातीचे गोळे झाले होते, एक खाच दिसत नव्हती.

पुढून अंधारात एक दिवा हलत येत होता. त्या घरचा माणूस बैलगाडी घेऊन आला होता. जुनी, लाकडी चाकांची, धाव बसवलेली. आता अशा गाड्या तालुक्यात मोजक्याच उरल्यात. म्हणाला, "टॅक्टर बी रुतलाय, म्हणून ही काढली." आम्ही औषधांची पेटी आणि सलाईनच्या बाटल्या गाडीत ठेवल्या, वर सतरंजी टाकली. चाकं बोटभर रुतत होती, खालचा टणक थर शोधत होती आणि लोळत पुढे जात होती. धावेला लागलेली माती दर फेरीला थापीने थापीने खाली पडत होती. कुणी बोलत नव्हतं. पुतण्या चाकाच्या बाजूने चालत होता. टॉर्चचा झोत त्याने धावेवर धरला होता.

गाय जिवंत होती. मानेची शीर सापडली, बाटली लावली आणि कानाने ठोके ऐकत थेंब थेंब सोडत राहिलो. दुसरी बाटली संपत आली तसं तिने नाक ओलं केलं, कान हलवले. पहाटे पाचच्या आसपास तिने पुढचे गुडघे टेकले, थांबली, आणि उठली. वासरू लगेच जाऊन आचळाला लागलं.

उजाडल्यावर परत गाडीपाशी आलो. पाऊस थांबला होता. पुतण्याने बांधावरची एक तुराटी मोडून घेतली आणि उकिडवा बसून टायरच्या खाचांमधली माती उकरायला लागला, एक एक खाच. मी पलीकडच्या चाकाला तेच करत होतो. बऱ्याच वेळाने तिकडून त्याचा आवाज आला.

"काका, इथं भिंतीला एक कट दिसतोय. दगडाचा असंल. धागा नाही दिसत."

मी जाऊन बोट घालून पाहिलं. वरवरचा होता.

"चाचांना दाखवू," तो म्हणाला. "आजच. तसाच चालवायचा नाही."